ग्लेनिसच्या कानातला माणूस

४ जुलै

पोचलो एकदाचे. बनबरीहून निघाल्यापासून ग्लेनिस नकाशा उलटा धरून बसली होती, तरी चुकलो नाही. लिओनोरा गावाच्या पुढे डांबर संपून लाल माती लागली आणि मला शाळा सुटल्यासारखं वाटलं. गाडीला जोडलेली कॅरॅव्हॅन मल्गाच्या खुरट्या झाडांच्या आडोशाला लावली आहे. आपल्या ऑस्ट्रेलियात जुलै म्हणजे थंडीचे दिवस, त्यामुळे माश्याही कमी. ग्लेनिसने शेगडीवर सॉसेज परतले, मी खोक्यातून नवीन मेटल डिटेक्टर काढला. बोट विकून घेतलाय. उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात गेला, आता थोडं सोनं शोधायला काय हरकत आहे? माझं जुनं, चिकटपट्टी गुंडाळलेलं मशीन ग्लेनिसला दिलंय. बायकोलाही विरंगुळा हवा.

पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये मर्व नावाचा म्हातारा एकटाच राहतो. चहाला आला होता. माझं मशीन फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "झकास आहे. आता सोन्यालाही ते आवडलं म्हणजे झालं." गमतीदार माणूस. जाताना मात्र सांगून गेला, की उत्तरेला एक जुनी पडकी खाण आहे, तिकडे फिरकू नका.

५ जुलै

सकाळभर नव्या मशीनशी जमवून घेतलं. आधी एक नाणं पुरून आवाज ओळखायला शिकलो, मग ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरलो. तबकडी जमिनीलगत संथ फिरवायची, हेडफोनमधली गुणगुण ऐकत राहायची, आवाज चढला की खणायचं. खिळे, काडतुसांच्या पुंगळ्या, सार्डिनचा डबा, पुन्हा खिळे. पण यंत्र अफलातून आहे, बारीकसा छर्राही सोडत नाही.

दुपारी ग्लेनिस मूठ मिटून आली. मुठीत वालाएवढा सोन्याचा खडा. मी तिला मिठी मारली, मर्वला हाक मारून दाखवला. नवशिक्याचं नशीब, दुसरं काय.

७ जुलै

तिला काल दोन मिळाले, आज एक. मला घोड्याचा नाल.

शेवटी मी सहज म्हणून म्हटलं, आज मशीन बदलून बघू. जुनं घेऊन तिच्याच कालच्या खड्ड्याभोवती कंबर मोडेस्तोवर फिरलो. काही नाही. ती माझं नवं मशीन घेऊन गेली आणि चहाचं पाणी उकळायच्या आत बोराएवढा खडा घेऊन परतली. वर म्हणते, "तुझं हे फार आरडाओरडा करतं रे आल्विन. मला माझंच बरं."

तिचं म्हणे. कालपर्यंत माझं होतं.

जेवताना तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

९ जुलै

आज तिच्यावर लांबून लक्ष ठेवलं. ती तबकडी फिरवतच नाही. मशीन खांद्यावर टाकून, हेडफोन लावून सरळ चालत जाते, थांबते आणि खणते. मधेच हसते. बाजारात जुनी ओळख निघाल्यावर हसावं तशी.

जवळ जाऊन पाहिलं तर मशीनचं बटणच बंद. विचारलं, तुला कळतं कसं?

"तो सांगतो," म्हणाली आणि लाजली. त्रेसष्टाव्या वर्षी. माझ्यासमोर ती शेवटची कधी लाजली होती, आठवत नाही.

तिचा हेडफोन मागितला. दिला नाही.

१० जुलै

मर्वला सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला. त्याचा भाऊ व्हर्नन आणि तो ऐन तारुण्यात इथे आले होते. व्हर्ननला रोज सोनं मिळायचं, याला कधीच नाही. व्हर्ननही असाच कान लावून हसायचा. एके दिवशी त्या पडक्या खाणीत उतरला तो वर आलाच नाही. खालून येणाऱ्या त्याच्या हाका मर्वने ऐकल्या, पण तो गेला नाही. "लोक मला भेकड म्हणतात. म्हणू देत. तू उद्याच्या उद्या तिला घेऊन निघ."

मला एकच दिसलं. त्यालाही काही मिळालं नव्हतं. मत्सरी म्हातारा.

११ जुलै

निघू या म्हटलं. ती नाही म्हणाली. "तुला काही मिळत नाही म्हणून मी का यायचं?"

तिच्या मशीनचे सेल काढून ठेवले. तरी तिने मुठीएवढा सोन्याचा गोटा आणला. टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता केस विंचरू लागली. ओठांना लाली. इथे, या रानात, कोणासाठी?

नाव विचारलं त्याचं. म्हणाली, तू हेच विचारशील असं तो म्हणाला होता.

१२ जुलै

तिच्या मागे गेलो. खाणीच्या तोंडाशी पालथी पडून आत बोलत होती. माझ्याबद्दल. मी घोरतो ते. बोट विकली ते. नव्या मशीनला खिळेच सापडतात तेसुद्धा.

आणि खालून हसू आलं. पुरुषाचं.

भर उन्हात. माझं डोकं फिरलेलं नाही.

सोन्याचं काही वाटत नाही आता. तिने त्याला हे सगळं सांगावं—

१३ जुलै

ती अंथरुणात नाही. सोनं सगळं माझ्या ताटलीत ठेवलंय. माझ्यासाठी. भीक घातल्यासारखं.

मशीन खाणीच्या काठावर. त्यावर हेडफोन. बाजूला तिचे बूट, नीट जोडीने.

हाका मारल्या. मग मर्वकडे धावलो.

मर्व पोलिसांना आणायला लिओनोराला गेलाय. मला दटावून गेलाय, कॅरॅव्हॅनमध्ये बस, तो हेडफोन कानाला लावू नकोस.

दुपार

लावला. वायर कुठेच जोडलेली नाही, तरी—

ती आहे. जिवंत आहे. त्याच्याशी बोलतेय. तो हळू आवाजात काहीतरी सांगतो आणि ती हसते. की रडते. नाही, हसते.

माझं नाव घेतलं. "आल्विनला नको. आल्विनला खाली बोलावू नकोस, तुझ्या पाया पडते."

नको म्हणे.

इतक्या वर्षांनी मी नको.

तो म्हणतो, ऐकलंस ना? म्हणतो, तुझी जागा मी घेतली, येऊन बघ तरी.

रस्त्यावर धूळ उठलीय. मर्वची गाडी असेल. तो मला अडवेल—

माझी गाडी खाणीच्या काठाशी आणून दोर तिला बांधला. वही आणि टॉर्च खिशात. ती अजून ओरडतेय, येऊ नकोस, येऊ नकोस. बघतोच मी—

उतरलो. पाय टेकले. बोळ आहे, सरळ जाणारा. भिंती सोन्याने— नाही. ओल्या आहेत.

ग्लेनिस इथे बसलीय. भिंतीला टेकून. गार आहे. केव्हाची—

मग कोण बोलत होतं—

हेडफोन काढला. तरी हसू येतंय. बोळातून नाही. वरून. तेच, त्या पुरुषाचं.

दोर सैल पडून खाली येतोय—