नकाशात नसलेली खोली

५ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि आज त्यांच्यासोबत थोडा राग.

तू काढून पाठवलेला जागेचा नकाशा तिसऱ्यांदा परत आला. पहिल्यांदा प्रती कमी पडल्या म्हणून, दुसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या भिंतींची अंतरं नव्हती म्हणून. या वेळी तपासनीस स्वतःच नकाशा हातात धरून आवारात फिरला. पेरूचं झाड कुठे गेलं म्हणाला. ते पडून सहा वर्षं झाली. मग मागे गेला आणि ही खोली नकाशात का नाही, असं विचारू लागला. मी काय सांगणार, कपाळ?

तू आठवणीतूनच नकाशा काढलास ना? एवढा मोठा ड्राफ्ट्समन, पण बहिणीला दोन ओळी लिहून विचारावंसं वाटलं नाही. माझ्या शिवणयंत्रांवर पाच जणींची घरं चालतात. जागा निवासीची व्यापारी करून घ्यायचा अर्ज महिनाअखेर गेला नाही, तर कारखान्याला कुलूप लागेल. नोटिशीत तसं स्वच्छ लिहिलंय. त्या कार्यालयात खेटे घालून घालून मी थकले रे.

माया पातळ होऊ देऊ नकोस, पण नकाशा नीट काढ.
ताई

११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि., मान खाली घालून.

चुकलो. इथे दिवसभर परक्यांच्या जागांची इंच न् इंच मापं घेतो, आणि आपलं घर मी सोडलं तेव्हा होतं तसंच काढून मोकळा झालो. आई अंथरुणाला खिळल्यावर तू मागे खोली बांधलीस, हे तुझ्या पत्रात वाचलं होतं. पण मी ती पाहिलेलीच नाही, म्हणून हातून उतरली नाही.

इथल्या साहेबांना विचारलं. खोली कुंपणाला खेटून असेल तर व्यापारी वापराला मंजुरी मिळत नाही, असं ते म्हणाले. ती नकाशात तुटक रेषेने, म्हणजे पाडायची म्हणून दाखवावी लागेल आणि खरोखर पाडावीही लागेल. हे तुला लिहिताना जिवावर आलं. तू नको म्हणालीस तर अर्ज सोडून देऊ, यंत्रांसाठी दुसरी जागा बघू. पाडायची ठरलीच तर लांबी, रुंदी आणि कुंपणापासूनचं अंतर कळव.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझा धाकटा

१६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. राग संपला, थकवा तेवढा उरलाय.

दुसरी जागा मी केव्हाच शोधून पाहिली, मिळत नाही. खोली कुंपणाला खेटूनच आहे, तेव्हा पाडू. कारखान्यात सांगितलं तेव्हा काजं-बटणं करणारी रडली. मी कार्यालयात अडकले की आईला तीच भरवायची.

मापं मी पाठवणार नाही. मजूर सव्वीस तारखेला येतील, त्याआधी तू ये. खोलीत उभा राहा आणि स्वतःच्या हाताने टेप धरून मोज. साहेब रजा देत नसतील तर माझं हे पत्र त्यांना दाखव.

आईची खाट खिडकीशी होती. फाटक वाजलं की तू आलास का, असं ती विचारायची. कामात आहे, येईल, असं मी दर वेळी सांगायचे. ती गेली तोवर, तीन वर्षं सांगितलं. मला एकदा तरी खरं बोलल्यासारखं वाटू दे.

दोघींच्या वतीने वाट पाहणारी,
ताई