एम्लिन गाडीतून उतरत नाही

मंगळवार, ९ मे
आज पकडले गेलो! चोरासारखे.

बाजाराच्या दारासमोर, अपंगांच्या राखीव जागेत गाडी लावली होती. काचेमागे नवऱ्याचा अपंगत्वाचा निळा बिल्ला, नेहमीसारखा. बिल्ला खरा, फोटो त्याचाच, आणि एम्लिन स्वतः गाडीत बसलेला. मी पाव आणि शिंपले घेऊन आले, तर खिडकीशी नगरपालिकेची तपासनीस पोरगी उभी. वही काढून.

"हे उतरले होते का, बाई?"

"नाही. दमतात ते."

"मग ही जागा तुम्हाला वापरता येत नाही. बिल्ला त्यांना उतरता यावं म्हणून आहे. तुमच्या खरेदीसाठी नाही."

मी म्हणाले, अपंग माणूस समोर बसलाय, दिसत नाही का?

"दिसतायत ना. बसलेलेच दिसतायत."

एम्लिन समोर बघत राहिला.

बुधवार, १० मे
नियमांची पुस्तिका शोधली. बिल्ल्याबरोबरच आली होती, कधी उघडली नाही. पोरीचं बरोबर आहे. बिल्लेवाला गाडीत बसणार आणि धडधाकट माणूस कामं उरकणार — हा गैरवापर. गुन्हा. हजार पौंडांपर्यंत दंड, शिवाय बिल्लाही जाऊ शकतो.

चौदा महिने दर मंगळवारी मी गुन्हा करतेय! आणि मला वाटत होतं, नवऱ्याला जरा बाहेर नेतेय.

रविवार, १४ मे
तो का उतरत नाही, ते मला ठाऊक आहे. तेवीस वर्षं याच गावात टपाल वाटलं त्यानं. पाठीवर पिशवी, लांब लांब ढांगा. गावातली कुत्रीसुद्धा ओळखतात. आता स्ट्रोकनंतर उजवा पाय ओढत सगळ्या गावासमोरून जायचं — नको वाटतं त्याला.

घरी एकटा ठेवला की घाबरतो. बरोबर नेला की उतरत नाही. दारातली जागा असली की मी वीस मिनिटांत परत. बिल्ला गेला, तर मंगळवार गेला. आठवड्यात तेवढाच वेळ मी माणसांत असते. चारचौघांत उभी राहते, कुणीतरी मला नावानं हाक मारतं.

हे कुठल्या अर्जात लिहायचं?

मंगळवार, १६ मे
बाजाराला गेले नाही. दमलेय.

गुरुवार, १८ मे
नगरपालिकेचं पत्र आलं. पंचवीस तारखेला दोघांनी हजर राहायचं, जबाब नोंदवले जाणार.

शिंपलेवाल्या ग्वेंडाला फोनवर सांगितलं. ती उसळलीच. "अगं पोरी, उतरला होता म्हणून सांग सरळ! मी साक्ष देते. माझ्या दुकानावरून नाचत गेला म्हणते!"

किती दिवसांनी हसले.

मग एम्लिनला पढवलं — उतरला होतास, आणि परत येऊन बसला होतास. एवढंच म्हणायचं. त्यानं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

गुरुवार, २५ मे
तीच पोरगी. लौरी नाव तिचं. आधी म्हणाली, बोलाल ते पुराव्यात धरलं जाईल. मी बोलले. "उतरला होता. दमून परत येऊन बसला." आवाज कापलासुद्धा नाही!

मग ती एम्लिनकडे वळली. त्याचं इंग्रजी अडखळलं. आजारानं ते जास्त खाल्लंय, घरची भाषा, वेल्श, तेवढी उरलीय. तिच्या लक्षात आलं. "वेल्शमधून सांगा ना, काका. मला घाई नाही."

"उतरलो नाही," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच्या मार्चपासून एकदाही नाही."



"एक म्हातारा येतो," तो पुढे बोलू लागला. "गाडीच्या टपावर चाकांची खुर्ची. राखीव जागेत आमची गाडी असते. तीन फेऱ्या मारतो. मग जातो परत. दर मंगळवारी."

मला हे माहीतच नव्हतं. चौदा महिने हा एकटा ते बघत बसला होता.

लेखी ताकीद मिळाली. बिल्ला राहिला. दारापर्यंत येऊन लौरी हळूच म्हणाली, "ते उतरणार असले तरच तिथं लावा, बाई. पुढच्या वेळी मला खटला भरावा लागेल."

गाडीत बसल्यावर मी ओरडले. मला खोटं पाडलंस!

"हो," म्हणाला.

शुक्रवार, २६ मे
राग जात नाही. म्हणजे, राग आहे की लाज, ते कळत नाही. जेवण दोघांनीही टाकलं.

मंगळवार, ३० मे
गाडी नदीकाठी लावली, लांब, साध्या जागेत. त्याला म्हटलं, तास लागेल, घाबरू नकोस. परतताना मागच्या गल्लीनं आले. गाडी रिकामी! दार सताड उघडं.

पिशव्या टाकून धावत सुटले. बाजारात पाववाल्यासमोर रांग, आणि रांगेत एम्लिन. काठीवर रेललेला, घामानं निथळत. "पुढं ये रे, एम्लिन," सगळे म्हणत होते. तो हलेना. मी दंड धरला. म्हटलं, चल घरी.

"थांब," म्हणाला. "माझ्या पुढे अजून दोघं आहेत."