स्मिथ म्हणजे लोहार

बाबा, तुमच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी मोडली. इथे आयर्लंडात, पोर्टलीशच्या हॉस्पिटलात, भर दुपारी, एका परक्या म्हाताऱ्यासमोर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता ती कोणाच्या जिवावर बेतणार, असं मी स्वतःला बजावते. पण तेव्हापासून वॉर्डाचं दार उघडलं की मान आपोआप वळते. तुम्ही तिथे उभे असाल आणि काही न बोलता नुसते बघाल, असं वाटत राहतं. तुम्ही ओरडलात तर मी उलट बोलू शकायचे, तुमचं गप्प राहणं मात्र मला कधीच सोसलं नाही.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. सुट्टीत आजोबांकडे राहून आले होते. दिवसभर भट्टीपाशी बसायचं, भात्याची दोरी ओढायची आणि आजोबा 'सरक गं तिकडं' म्हणून खेकसले की वीतभर सरकायचं. परत आल्यावर मी शेजारच्या काकूंना मोठ्या ऐटीत सांगितलं, आम्ही खरे लोहार आहोत, तुमची विळी द्या, धार लावून देतो. संध्याकाळी तुम्ही ऑफिसातून येता तर काकू विळी घेऊन दारात हजर. तुम्ही हसून काहीतरी बोलता, विळी घेत नाही, दार लोटून मला स्वयंपाकघरात नेता. आई तव्यावरची पोळी उलटायची विसरलीय. "हात ठेव," तुम्ही खाली वाकून म्हणता. "ते नाव पुन्हा तोंडातून काढलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील." तेलाने ओलसर केसांवर माझा हात, आणि करपलेल्या पोळीचा वास. मी काय वाईट केलं तेच मला कळेना.

ते आईने पुढे सांगितलं. तुमच्या पहिल्या नोकरीत कचेरीतलं कुलूप अडकलं, कोणाच्या सायकलची चेन तुटली, साहेबांच्या घरचा अडकित्ता बोथट झाला, की सगळं तुमच्या टेबलावर यायचं. बी.ए. झालेल्या माणसाच्या टेबलावर! 'बघ रे जरा, तुमच्या रक्तातच आहे.' आणि तुम्ही ते नीट करून द्यायचात, याचा मला आजही संताप येतो. बदली झाली तेव्हा तुम्ही गावाच्या नावाला 'कर' लावून नवं आडनाव घेतलंत. आजोबा लोहारच राहिले. मी लग्नानंतरही तुमचंच आडनाव ठेवलं, त्यासाठी सासरच्यांशी कडाकडा भांडले, पण ते तुम्ही का घेतलं होतं ते त्या भांडणातसुद्धा सांगितलं नाही.

२०२१चा जानेवारी. वॉर्ड भरलेला, आणि पेशंटना भेटायला कोणालाही परवानगी नाही. आम्ही डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले, त्यामुळे कोण कोण ते कळावं म्हणून छातीवर पट्टी चिकटवून मार्करने नाव लिहायचं. मी घाईत आडनाव लिहिलं. खिडकीजवळच्या खाटेवर मूळचे कॅव्हनकडचे एक आजोबा होते, आडनाव स्मिथ. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तरी बोलायची हौस दांडगी. कसं वाटतंय विचारलं की "ग्रँड, डॉक्टर, ग्रँड." मॉनिटरवरचे आकडे वेगळंच सांगत असायचे. एकदा माझ्या पट्टीकडे बोट करून म्हणाले, "एवढं लांबलचक नाव! अर्थ काय त्याचा?"

"गावाचं नाव आहे," मी म्हटलं.

"आणि गावाच्या आधी?"

मी त्यांची नाडी बघत असल्याचं सोंग केलं.

मग ते स्वतःचंच सांगायला लागले. म्हणे, स्मिथ हे आमचं खरं नावच नाही. घराणं मॅक गॉवन, म्हणजे लोहाराचा मुलगा. इंग्रजांच्या अमलात आयरिश नाव अडचणीचं झालं, तेव्हा कोणीतरी त्याचा अर्थ तेवढा उचलला आणि इंग्रजी नाव करून टाकलं. "इंग्लंडात स्मिथ म्हणजे स्मिथ. आमच्याकडे स्मिथ म्हणजे आत लपलेला मॅक गॉवन." गावात इतके स्मिथ, की प्रत्येक घराला एक टोपणनाव. पण त्यांचे आजोबा स्मिथ म्हणून हाक मारली तर वळायचेच नाहीत. "बहिरे नव्हते बरं का," असं म्हणून हसायला गेले आणि त्यांना ढास लागली.

पुढचं मशीन, म्हणजे व्हेंटिलेटर, लावायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. शेवटच्या दुपारी मुलीशी टॅबलेटवर बोलणं झालं, म्हणजे ती बोलली. मग नर्सला दुसऱ्या खाटेवर धावावं लागलं आणि मी त्यांचा हात धरून बसले. कानाशी वाकून म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत ना, गावाच्या आधी काय? लोहार. मीही स्मिथच." त्यांची बोटं हलली असं मला वाटलं, पण दोन-दोन हातमोज्यांतून काय कळणार! थोड्या वेळाने ते गेले. मास्क काढला तर नाकावर खोल वळ. मेलेलं तोंड मी बघितलं, बाबा. तुमचं बघायला मिळालं नव्हतं, माझं विमान पोचेपर्यंत तुमचं सगळं आटोपलं होतं. त्या चेहऱ्यात तुम्ही दिसलात असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण माझ्या पाठीशी कोणीतरी उभं होतं. वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

मुलीला फोन मीच केला. "डॅडींजवळ कोणी होतं का?" तिने विचारलं.

"हो. त्यांच्यातलंच एक माणूस होतं."

तिला वाटलं असेल, कोणीतरी स्मिथ आडनावाची नर्स. मी खुलासा केला नाही. ती खूप वेळ रडली.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? आपल्या घराच्या दारावर आता दुसऱ्याच कोणाची पाटी आहे. तुम्हाला काय सोसावं लागलं ते मला कळतं, म्हणून सही मी आजही तुमच्याच नावाची करते. पण त्या दुपारचं एक अजून कोणालाच सांगितलेलं नाही. ते नाव घेताना मला भीती वाटली, आणि फार बरंही वाटलं. इतकं बरं, की त्यांचा श्वास थांबल्यावर मी ते पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्याने. तेव्हा खाटेवर ऐकणारं कोणी नव्हतं.