आजीचं गार मडकं

ब्रेमेन, १२ ऑक्टोबर १९७९

प्रिय आई,

तुला आणि मावशीला पस्तीस वर्षं एकच टोमणा गिळावा लागला: "जर्मन हमाल ठेवणाऱ्या बाईच्या पोरी!" आता पुरे!

माझा खोकला गेला. म्हणजे जवळजवळ गेला. तुझा मफलर गळ्यात आहे.

काल इथल्या गेर्डाबाईंनी त्यांच्या वडिलांची युद्धातली डायरी मला वाचून दाखवली. जर्मनांनी आपलं गाव व्यापलं होतं तेव्हा सगळे बेकरीच्या भट्टीत मडकी शिजायला ठेवायचे ना, तिथून दर शनिवारी आजीचं घेवड्याचं मडकं घरी पोचवणारा जर्मन शिपाई म्हणजे हेच त्यांचे वडील! तो लिहितो: "सगळ्यांची मडकी वाफाळत निघतात. म्हातारीचं मात्र गार, आणि आत काहीतरी खडखडतं. माझ्या हातातलं मडकं चौकीवर कोण तपासणार? मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही."

रेडिओ, आई! जर्मनांनी बंदी घातलेला रेडिओ! लंडनच्या बातम्या गावाला मिळायच्या त्या आजीच्या मडक्यातून! ती आणि बेकरीवाला दोघंही गाव जर्मनांच्या ताब्यातून सुटण्याआधीच वारले, सांगायला कोणी उरलं नाही.

"बाबा गप्प होते, बावळट नव्हते," गेर्डाबाई म्हणाल्या, आणि आम्ही रडू येईपर्यंत हसलो.

तुझे गुडघे कसे आहेत? चर्चची चढण जमते का? या वेळी जमवच. माहीबाई गावाचा युद्धकाळ लिहितायत आणि आजीला फितुरांत टाकणार आहेत. डायरीच्या त्या पानाचं भाषांतर सोबत आहे. रविवारी चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर, त्यांना ते वाचून दाखव. मोठ्यानं वाच!

तुझ्या हातच्या घेवड्याला आसुसलेला,
विल्फ्रेड