कौलाचा दाखला जोडून

लालबाग, मुंबई
२५ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप तात्यांस, जावई दत्तारामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे खोकला आहे, पण तो आमच्या चाळीत सगळ्यांनाच असतो म्हणून धरत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? देवळाच्या पायऱ्या चढताना काठी घेत जा. देवीचे गुरव असलात म्हणून पाय घसरायचा राहत नाही. कपिला व्यायली का? (बकुळेची आणि चि. मालनची चौकशी मुद्दाम मागे ठेवली आहे. नाहीतर जावयाला दुसरं काही सुचत नाही, असं तुम्ही ओटीवर सगळ्यांना सांगाल. मागच्या पत्रात बकुळेला लिहिलेल्या चार ओळीसुद्धा तुम्ही मोठ्याने वाचल्यात, हे मला कळलं आहे.)

माझी नोकरी नेमकी कसली, असं तुम्ही विचारलंत. दादरला आमचं बागकामगार साहाय्य मंडळ आहे. झाडावरून पडून हातपाय मोडलेले आंबेवाले गडी, चिकूच्या वाडीतल्या बाया, फुलबागांतले माळी यांना औषधपाणी आणि पोरांना पाट्यापुस्तकं पुरवायची, हे मंडळाचं काम. ते गावोगावच्या एखाद्या संस्थेशी करार करून चालतं आणि असे करार जुळवणारा प्रादेशिक सहयोग चिटणीस तो मी. पदाचं नाव पाटीवर मावत नाही. त्यातून प्रदेश कोणता, हेच सध्या नक्की नाही. या महिन्यापासून सरकारने आपल्याला द्विभाषिकात घातलं, पण आमचे अध्यक्ष अण्णा तो शब्द मंडळाच्या कागदावर छापू देत नाहीत आणि 'संयुक्त महाराष्ट्र' छापायला छापखानेवाला धजत नाही. म्हणून राज्याच्या नावापुढे जागा कोरी सोडली आहे. निकाल लागला की हाताने भरू.

दसऱ्यानंतर मला कराराच्या कामाने कोकणात धाडलं. तुमच्या गावाच्या दोन खाड्या अलीकडे एक आंब्याचं गाव आहे, तिथे. गावकऱ्यांनी करार ऐकून घेतला, मला सोलकढी पाजली आणि म्हणाले, "सगळा बेस हा, पण देवीक विचारल्याबगर सही नाय." मी म्हटलं, विचारा. तिथल्या गुरवाने देवीला दोन अंगांनी ओल्या कळ्या लावल्या आणि कराराचं एकेक कलम वाचून कौल मागायला सुरुवात केली. औषधाच्या कलमाला उजवी कळी पडली, म्हणजे होकार. पाट्यापुस्तकांना उजवी. दर तीन महिन्यांनी मंडळाला अहवाल पाठवावा, या कलमाला मात्र पटकन डावी पडली. पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. (मला वाटतं, गुरवाला अहवाल लिहायचा नव्हता. पण तुमच्या व्यवसायाबद्दल मी बोलू नये.)

हे मी दादरला खरं खरं लिहून दिलं, तीच चूक झाली. अण्णा सुधारक माणूस, ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "देवी काय कार्यकारिणीवर आहे काय?" पण आमच्या विश्वस्त सुंदराबाई गिरगावात राहिल्या तरी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्यांनी ते कलम तिथल्या तिथे खोडायला लावलं. ही बातमी आमच्या टपालापेक्षा लवकर किनाऱ्याने पोचली आणि महिन्याच्या आत आणखी पाच गावांच्या देव्यांनी अहवालाला डावा कौल दिला. एका देवाने तर अण्णांच्या तपासणी भेटीलाही नकार दिला. तेव्हापासून मंडळाचा ठरावच आहे की कोकणातल्या गावाशी करार करायचा असेल तर कौलाचा दाखला जोडावा.

तात्या, त्या गावच्या टेकडीवरून तुमच्या डोंगराचं टोक दिसत होतं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. पण सोमवारची बोट चुकली असती तर पुढची गुरुवारी, आणि रजा माझी शिल्लक नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात मी एकवीस दिवस आत होतो, ते मंडळाने हक्काच्या रजेत धरले. बारसं त्यातच हुकलं. पुढे पावसाने बोटी बंद. पोर सात महिन्यांची झाली आणि मी तिला पाहिलेली नाही. तिचे कान कुणासारखे आहेत, हेही कुणी लिहीत नाही. मायलेकींना मुंबईस धाडावं का, असं तुम्ही देवीला दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा डावा कौल आला. मुंबईत गोळीबार झाला तेव्हा तुम्ही घाबरलात, ते समजतं. आता इकडे शांत आहे. खोलीला मी चुना लावला आहे. संध्याकाळी तिथे बसवत नाही, म्हणून मंडळात उशिरापर्यंत फायली लावत बसतो आणि अण्णा मला कामसू समजतात.

असो. आपल्या गावाशीही करार व्हावा, अशी मंडळाची फार इच्छा आहे. कागद सोबत जोडला आहे. सौ. आईंना नमस्कार, मालनला पापा.

तुमचा आज्ञाधारक,
दत्ताराम

ता. क. मंडळाची तशी काही इच्छा नाही. माझी आहे. करार झाला तर मला तिकडे कामावर धाडतील, रजा लागणार नाही.

आणखी ता. क. देवीला फक्त कराराचं विचारा. मुलीला धाडण्याचं तिसऱ्यांदा विचारू नका; तिसऱ्यांदाही 'नाही' आलं तर मला सोसायचं नाही. आणि डावीकडची कळी जरा जास्त ओली करून घट्ट बसवलीत, तर तिला राग येणार नाही असं मला वाटतं. तीही लेकीबाळींची आई आहे.

शेवटचं ता. क. तुमच्या गावात एकही बाग नाही, हे मला ठाऊक आहे. पण परसात बकुळेने दुधीचा वेल लावला आहे ना? बागकामगारांच्या रकान्यात तिचं नाव घाला. एकूण संख्या दोन लिहा. धाकटी तूर्त नुसती माती खाते, ते मी अहवालात घालणार नाही.