तेवढीच बसती

सातारा, मंगळवार, १६ मार्च १९७६

आज आरोग्य खात्याच्या जीपमधून आम्ही महिला मंडळाच्या बायका कोरेगावकडच्या एका खेड्यात गेलो. बायकांची तंबाखूची मिश्री सोडवायला! डॉक्टरसाहेबांनी कॅन्सरची चित्रं दाखवली. शेवटी गोदाबाई म्हणून एक होती, ती म्हणाली, "आवं बाई, मिश्री लावाय बसती तेवढीच बसती. तोंड भरल्यालं आसलं की सासू बी हाक मारत न्हाई."

जीपमध्ये साहेब हसत सुटले. आमच्या अध्यक्षबाईसुद्धा! अडाणीपणा म्हणे. या हसणाऱ्यांच्या घरी कोणती बाई घटकाभर बसते ते विचारायला हवं होतं. तेवढीच बसती... डोक्यातून जाईना.

घरी आले, पायरीवर जरा टेकले, तोच आतून ह्यांची हाक, "अगं, चहा?" पाठोपाठ सासूबाईंची.

माझं तोंड रिकामं होतं. उठले.