वडिलांच्या पट्टीचं माप

१२ नोव्हेंबर

चि. चिमीस,

दादाचे अ. उ. आ., आणि त्यामागोमाग दादाचा संताप. कारण या घरात सध्या तेवढीच एक गोष्ट ऊब देते आहे.

आईच्या सांध्यांना गार वारा सोसत नाही म्हणून कुजलेल्या दोन खिडक्या आणि पुढचं दार बदलायला घेतलंय, हे तुला कळवलं होतं. सोमवारी बारक्या मिस्त्री आला. आपल्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला तोच बारक्या. आता दाराएवढा रुंद झालाय, पण नाव काही सुटलं नाही. त्याने आधी जुन्या चौकटी उखडल्या, मग नव्या उचलल्या, तर एकही बसेना. खिडक्या तीन इंच जास्त रुंद, दार चार इंच जास्त उंच! हा नुसता घाम पुसत उभा, तोंडातून शब्द नाही. भिंतीला तीन भगदाडं पडली आहेत आणि त्यांवर ताणलेलं प्लास्टिक अखंड फडफडतं. आई दोन शाली गुंडाळून आतल्या खोलीत बसते. म्हणते, मला पार्सल करून ठेवलंय, पत्ता तेवढा घालायचा राहिलाय.

मापं मी स्वतः घेतली होती, वडिलांच्या दोनफुटी लाकडी पट्टीने, एकेक दोनदा. बारक्या चौकटींच्या ज्या कारखान्यात कामाला आहे, तिथला नियम असा, की मिस्त्रीने घरी येऊन आपल्या टेपने पुन्हा मोजायचं. बारक्याने माझा कागद पाहिला, पट्टी पाहिली, आणि न मोजताच सही ठोकली. मंगळवारी मी कारखान्यात गेलो आणि सगळ्या कामगारांसमोर अर्धा तास बोललो. ज्या पट्टीने वडिलांनी चाळीस वर्षांत एक चौकट वाकडी बसवली नाही ती खोटी, आणि तुमची करवत तेवढी खरी काय, असं विचारलं. निष्काळजी हात ही दुसऱ्याच्या घराला लागलेली वाळवी आहे, असं ठणकावलं. मालकाने बारक्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

परतताना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

लोभ आहे तो राहू दे, माझा आवाज चढला तरी.

तुझा
दादा

१९ नोव्हेंबर

ती. दादास,

चिमीचा सा. न. वि. वि. आईला म्हणावं, पत्ता मी घालते, पार्सल इकडे धाड.

चेष्टा इथेच संपली. दादा, ती पट्टी एक इंच तोकडी आहे. मी तोडली आहे.

नऊ वर्षांची होते. खिडकी आपटू नये म्हणून तिच्यात पट्टीचं टोक अडकवलं. वारा आला, टोक चिरलं. घाबरून वडिलांचीच करवत घेतली आणि एकच्या रेघेवर नीट कापून टाकलं. सुताराची पोर, कापलेलं कळलं नाही कुणाला. शिवाय त्या बाजूचे आकडे आधीच झिजलेले होते.

वडिलांना कळलं. एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते मोजताना पट्टीच्या टोकाला अंगठा लावू लागले. त्यांचा अंगठा बरोबर एक इंच रुंद होता. तू त्याला त्यांची लकब म्हणायचास. नवी पट्टी का घेतली नाही? मला वाटतं, मला लाजवायला नको म्हणून. मी मात्र त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहिले.

तू अंगठा न लावता पट्टी खिडकीला तीनदा, दाराला चारदा टेकवलीस. दर वेळी इंच वाढला. बारक्याने पुन्हा मोजलं नाही, हे चुकलंच. पण आपल्या गुरूच्या पट्टीवर टेप धरायला त्याचा हात धजला नसेल. त्याच्या घरात खाणारी पाच तोंडं आहेत. आयुष्यभर तू युनियनचा पुढारी म्हणून गेटावर उभं राहून कामावरून काढलेल्यांसाठी घसा फोडलास. आता माझ्या चुकीपायी एकाला तूच काढायला लावलंस. माझं नाव घे, सगळ्यांसमोर घे, पण त्याला परत आण.

माया आटवू नकोस, एवढंच मागणं.

चिमी

२३ नोव्हेंबर

चि. चिमीस,

अ. उ. आ. पट्टी टेपशेजारी ठेवली. तू म्हणतेस तसंच आहे. आज याहून जास्त लिहवत नाही.

दादा

३० नोव्हेंबर

चि. चिमीस,

अ. उ. आ. तुझं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती, पट्टी तू तोडलीस, माणूस मी तोडला.

कारखान्यात त्याच जागी, त्याच माणसांसमोर उभा राहिलो. माप माझं चुकलं, असं म्हणालो. अर्धा तास लागला नाही. खऱ्याला फार वेळ लागत नाही. मालक अडून बसला, टेप न लावणं हाही गुन्हाच म्हणाला. तेव्हा मागून एक म्हातारा रंगारी म्हणाला की साहेबांच्या भाषणावर माणूस काढता येतो, तर साहेबांच्या कबुलीवर परतही घेता येतो. सगळे हसले. मालकाला मान हलवावी लागली.

मग बारक्याच्या घरी गेलो. तो दारात आला, मला आत घेतलं नाही. त्याला सगळं पहिल्याच दिवशी कळलं होतं, चिमे. चौकट बसेना तेव्हाच त्याला तो अंगठा आठवला. मग बोलला का नाहीस, असं विचारलं. म्हणाला, आई समोर खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मिस्त्रींची पट्टी खोटी म्हणायची? नोकरी गेली तरी चालेल, पण ते तोंडातून निघेना. मी हात जोडले. त्याने ते खाली केले आणि उद्या येतो म्हणाला.

काल आला. टेपचं एक टोक माझ्या हाती देऊन आकडे मोठ्याने वाचायला लावले. मी वाचलेला प्रत्येक आकडा त्याने वाकून स्वतः पुन्हा पाहिला, आणि मगच लिहिला.

मला राग आला नाही.

आशीर्वाद आहेतच, तूही मला थोडे धाड.

दादा